आबांच्या खोलीचा घुमारा

आबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि टाळी वाजवली. एकदाच, जोरात. टाळी संपल्यावर भिंतींमधून 'टर्र' असा आवाज येत राहिला, पत्र्यावर खडे सांडावेत तसा. खोली रिकामी होती. लोखंडी खाट भावकीतल्या एकानं नेली होती, गादी आम्ही टाकून आलो होतो. उरली होती शहाबादी फरशी, गिलावा केलेल्या चार भिंती आणि वर स्लॅब. लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट, उंचीही जवळपास तेवढीच. माझ्या कामासाठी यापेक्षा वाईट खोली शोधून सापडली नसती.

बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं? टाळी कावून वाजवली?"

"खोली कशी घुमते ते बघत होतो."

"घुमतीच," ती म्हणाली. "मला इचारायचं की."

मी मिक्सिंगचं काम करतो. गाणं रेकॉर्ड होताना ढोलकी, पेटी, गाणारा असे सगळे आवाज सुटे सुटे येतात. ते एकत्र बसवायचे, कुणाला पुढं घ्यायचं, कुणाला मागं ठेवायचं, हे माझं काम. चौदा वर्षं पुण्यात एका स्टुडिओत ते केलं. मग सगळ्यांनी आपापल्या घरीच सामान मांडलं आणि स्टुडिओला गिऱ्हाईक राहिलं नाही. मालकानं जागा एका ऑफिसला दिली. त्यानंतर महिनाभरातच आबा गेले. मी दोन मोठे स्पीकर, कॉम्प्युटर आणि वायरींची एक पेटी टेंपोत घालून नेकनूरला घरी आलो, तेव्हा आबांना जाऊन चार दिवस झाले होते. अंत्यविधीला पोचलो होतो, पुन्हा सामान आणायला गेलो होतो, आणि परत आलो होतो. एवढं सगळं त्याच आठवड्यात केलं याचं लोकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. टेंपो ठरलेला होता.

मला रडू आलं नव्हतं. चितेजवळ उभा असताना मी प्रयत्न केला. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि गडाबडा लोळलो होतो, ते आठवून बघितलं. काही झालं नाही. धुराचा वास येत होता, डोक्याला नुकतं मुंडण केल्यामुळं गार लागत होतं, एवढंच. तेराव्यापर्यंत लोक येत होते, मी प्रत्येकाला तेच सांगत होतो, तितक्याच शब्दांत. एकदा बायकोनं समोरचं ताट उचलताना विचारलं, "मीठ टाकायचं राहिलंय आमटीत. तुमी जेवलात बी?" मला कळलंच नव्हतं.

आबा आमच्या बाजारात जनावरांचे दलाल होते. बैल, म्हशी, शेरडं, मेंढरं. बाजाराच्या दिवशी त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत यायचा म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हा बायको माझ्याबरोबर पुण्यात होती. ती म्हणाली, मी जाते महिनाभर, मग बघू. मुलगी लातूरला शिकायला गेलेली होती, त्यामुळं ते सोपं वाटलं. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची तीन झाली. मी पैसे पाठवत होतो. महिन्यातून एक रविवार येत होतो. आबांच्या खाटेजवळ खुर्ची घेऊन अर्धा तास बसायचो, ते माझ्याकडं बघायचे, मी पंख्याकडं बघायचो. मग बसची वेळ व्हायची.

खोली मी कामाला घेणार असं सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. सुट्टीत मुलगी आली की तिला ती खोली द्यावी असं तिच्या मनात होतं. तसं ती बोलून दाखवत होती. त्या दिवशी मात्र ती मुलीचं काही बोलली नाही.

"तीन वर्षं त्या खोलीत मी जायले," ती म्हणाली. "दिवसातून चाळीस येळा. आता तुमी जायचं म्हनता."

"मग नको का घेऊ?"

"घ्या. मला कशाला पाहिजे."

तिनं भाकरी उलटली. मी तिथंच थोडा वेळ उभा राहिलो. 

कामाला लागलो. काम असलं की बरं वाटत होतं असंही नाही, पण एकामागून एक करायच्या गोष्टी होत्या. आधी खोली मोजायची. एक खास माईक मधोमध ठेवून स्पीकरमधून एक लांबलचक सूर सोडतात. तो अगदी खालून निघतो, पोटात जाणवेल असा, आणि चढत चढत शिट्टीसारखा होऊन संपतो. माईकला तो कसा ऐकू आला त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटते. चांगल्या खोलीत ती रेघ बऱ्यापैकी सपाट असते. आमच्या खोलीत छप्पन हर्ट्झच्या आकड्याला डोंगर उभा राहिला. कारण साधं आहे, खोली चौकोनी डब्यासारखी असली की एक ठरावीक खालचा सूर भिंतीभिंतींत सापडतो आणि फुगतो. ढोलाचा मार त्याच्याच आसपास असतो. म्हणजे या खोलीत बसून कुणी ढोल बसवला, तर त्याला तो आहे त्याच्या दुप्पट वाटणार, तो कमी करणार, आणि बाहेर गाडीत लावल्यावर ढोल मेलेला निघणार.

मी तो सूर सात-आठ वेळा सोडला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं की वहिनी, पिठाची गिरणी घेतली काय.

उपाय दगडाच्या लोकरीचा. वितळलेल्या दगडाचे धागे काढून त्याच्या गाद्या बनवतात, कारखान्यात गरम पाइपांना गुंडाळायला. लोक त्याला रॉकवूल म्हणतात. त्या गाद्या लाकडी चौकटीत बसवून वरून कापड ताणायचं आणि भिंतीला लावायच्या. आवाज आत शिरतो आणि तिथंच जिरतो. संभाजीनगरहून ट्रान्सपोर्टनं पंधरा गठ्ठे मागवले. चौकटी करायला बीडच्या एका सुताराकडं गेलो. त्यानं माप लिहून घेतलं, कागद उलटा-सुलटा केला.

"खिडक्या हायत का दरवाजे?"

"नुसत्या चौकटी. मागं प्लाय नको, पुढं काच नको."

"मग त्यात दिसनार काय?"

"काही नाही."

त्यानं माझ्या वाढलेल्या खुरट्या केसांकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. चौकटी मात्र गुण्यात, अगदी काटकोनात केल्या, एकही कोपरा ढिला नव्हता.

ती लोकर फार खाजते. तोंडाला फडकं बांधून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मी ती कापत होतो तरी धागे कुठून कुठून आत जात. मनगटं, मान, कोपराची आतली बाजू. आंघोळ केली तरी जात नव्हती. चार दिवस मी रात्रंदिवस खाजवत होतो. त्या महिन्यात मला नीट जाणवलेली ती एकच गोष्ट, म्हणून लक्षात आहे.

कोपऱ्यात जाड थर उभे केले, जमिनीपासून छतापर्यंत, कारण खालचा सूर कोपऱ्यात गोळा होतो. पुन्हा मोजलं. डोंगराची टेकडी झाली होती. मग बाजूच्या भिंती राहिल्या. तिथं चौकट नेमकी कुठं लावायची हे शोधायला आरसा लागतो. आपण आपल्या बसायच्या जागी बसायचं आणि दुसऱ्यानं भिंतीला आरसा लावून सरकवत न्यायचं. आरशात स्पीकर दिसला की ती जागा. स्पीकरमधला आवाज तिथंच आपटून आपल्या कानात येतो.

दुसरं माणूस बायकोच होती. तिनं कपाटावरचा आरसा काढून आणला आणि डाव्या भिंतीला टेकवला.

"पुढं," मी म्हणालो. "अजून. अजून थोडं. थांब."

आरशात स्पीकर दिसत होता. तिनं खाली वाकून पेन्सिलीनं खूण केली आणि वाकलेलीच राहिली.

"काय गं?"

"हितं मामांचं फुलपात्र हाय."

मी उठून बघितलं. आरशाच्या बरोबर खाली गिलाव्यात बारीक बारीक खाचा होत्या. नखाएवढ्या, अर्ध्या गोल, एकावर एक, शंभर तरी असतील. मी ती भिंत पंधरा दिवस बघत होतो. मला वाटलं होतं गिलावा उडालाय.

खाट त्या भिंतीला लागून होती. आबांचा डावा हात चालत होता. फुलपात्राच्या काठानं ते भिंत वाजवायचे, भिंतीपलीकडं स्वयंपाकघर.

"एकदा वाजवलं की पानी," बायको म्हणाली. "दोनदा म्हंजे लघवीला. तीनदा वाजवलं की काई न्हाई."

"काही नाही म्हणजे?"

"म्हंजे काई पाहिजे नसायचं. नुसतं यायचं अन् जरा बसायचं."

मी त्या खाचांवरून बोट फिरवलं.

"तुमी फोनवर असले तरी ऐकू जायाचं तुमाला. एकदा म्हनले बी, शेजारी बांधकाम चालू हाय काय म्हनून."

मला ते आठवलं नाही. पण मी तसं म्हणालो असणार. तिनं मला व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप पाठवलेले होते, काही फोनमध्ये अजून असतील. त्यात मागं ते ठोके असतीलच. मी ते शोधून ऐकले नाहीत. आबांच्या आवाजाचं माझ्याकडं काहीच रेकॉर्ड नाही, झटक्याच्या आधीचं नाही आणि नंतरचंही नाही. चौदा वर्षांत मी किती लोकांचे आवाज जपून ठेवले असतील याचा हिशेब नाही, वायरींच्या पेटीत अजून दोन डिस्क भरलेल्या पडल्यात. आबांचा आवाज घेऊन ठेवावा हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"थोडं बाजूला लावू का?" मी विचारलं.

"जागा हीच हाय ना?"

"जागा हीच आहे."

"मग हितंच लावा. झाकलं तर झाकलं." तिनं आरसा उचलला. "धुणं राहिलंय माझं."

मी ड्रिल लावलं, चार स्क्रू मारले, चौकट बसवली. समोरच्या भिंतीला त्याच मापानं दुसरी. छताला दोन टांगल्या. टाळी वाजवली तर नुसती टाळी आली, मागं काही आलं नाही. मी दोन-तीनदा वाजवून बघितली. मग कामं घ्यायला सुरुवात केली.

आमच्या भागात गाण्यांची कामं पुष्कळ असतात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी, सप्ताहाची भजनं, लग्नाच्या वरातीची. पहिलं आलं ते एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं. त्यात 'वाघ' हा शब्द एकोणीस वेळा होता. ढोल कमी-जास्त करत मी ते आठ दिवस ऐकलं. चांगलं झालं म्हणाले. दुसरं आलं, तिसरं आलं. सकाळी नऊला आत जायचं, एकला जेवायचं, सहाला बाहेर. लोकांना वाटत होतं मी खोली आवाज बाहेर जाऊ नये म्हणून केली आहे. तसं नसतं. बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं, फक्त आतला घुमारा नाहीसा होतो. बायकोलाही ते मी सांगितलं होतं.

"म्हंजे मी हाक मारली तर ऐकू येतं?" तिनं विचारलं होतं.

"येतं की."

"मग ओ कावून देत न्हाई?"

तीन महिने असे गेले. एका दुपारी दार ढकलून कुणीतरी थेट आत आलं. पायात जाड वहाणा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. साठीच्या पुढचा माणूस. मी त्याला ओळखलं. शिरूर कासारकडचा धनगर, आबांचं जुनं गिऱ्हाईक, मेंढरं विकायची झाली की दुसऱ्या कुणाकडं जात नसे. मी लहान असताना त्यानं मला कोकरू धरायला शिकवलं होतं. तो दोन पावलं आत आला आणि थांबला. खाट जिथं होती तिथं टेबल होतं, टेबलाशी मी होतो.

"आबा कुटं हायत?"

मी उठलो. "आबा गेले, काका. चार महिने झाले."

तो काठी भिंतीला लावायला गेला, पण भिंतीवर सगळीकडं कापड, म्हणून हातातच धरली. मग खाली फरशीवर बसला.

"आमी गोदाकाठाला हुतो," तो म्हणाला. "कळपामागं. कुनी सांगितलंच न्हाई. आत्ता बाजारात गेलतो, तिथं बी कुनी बोललं न्हाई. म्हनलं दोन घडी बसून जावं."

बायकोनं पाणी आणून दिलं. तो प्यायला. इकडंतिकडं बघितलं.

"हितं बोललं की आवाज जातो कुटं रं?"

"भिंतीत जिरतो. मी तसं करून घेतलंय, कामासाठी."

"आसं व्हय." त्यानं घसा खाकरून बघितला. "मागल्या दिवाळीला आलतो तवा न्हवतं आसं."

मागच्या दिवाळीला तो आला होता, हे मला माहीत नव्हतं. त्यानंच मग सांगितलं. तो खाटेशी बसला होता. आबांना बोलता येत नाही म्हणून हाच बोलत होता, पाऊस, चारा, कोण कुठं आहे. बोलणं संपलं. मग आबांनी चादरीखालून डावा हात पुढं केला आणि त्याचा हात चादरीखाली ओढून घेतला.

बाजारात जनावराचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं धरतात. एक बोट, तीन बोटं, मूठ, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो.

"मला वाटलं, धरला आसंल हात उगं," म्हातारा म्हणाला. "तर बोटं दाबाया लागले. भाव करत हुते! मी म्हनलं, आबा, आवो काय घ्यायचंय, माझ्यापाशी हितं काई न्हाई. तर पुन्यांदा दाबली. मग मी बी उलटा भाव केला. न्हाई म्हनले. मी वाढवला. न्हाई. आर्धा तास केलं आमी. आबा हासत हुते, आर्ध्या तोंडानं."

बायको दारातच उभी होती. "त्या दिवशी हसले व्हते मामा," ती म्हणाली. "मला वाटलं ठसका लागला, मी पळत आले. तुमी दोघं चादरीत हात घालून बसले व्हते."

"तेच की."

"काय विकत होते?" मी विचारलं.

"ते कुनाला ठावं! पर सौदा झाला. शेवटी हात दाबून धरला, झालं म्हनले."

"किती ठरलं?"

 "ते न्हाई सांगायचं, पोरा. रुमालाखालचं ते."

मला काय झालं माहीत नाही. मी त्याच्यासमोर फरशीवर बसलो आणि हात पुढं केला. तो समजला. त्यानं खांद्यावरच्या घोंगड्याचं टोक ओढून दोघांच्या हातांवर टाकलं. आत त्याचा हात खरखरीत आणि गरम होता. त्यानं माझी पहिली दोन बोटं धरली, सोडली, मधलं बोट धरलं, मग सगळा पंजा, आणि दाबला. मग थांबला. माझी पाळी होती.

मला त्यातलं काही येत नव्हतं. आबांनी शिकवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मी त्याची दोन बोटं धरून बसलो. त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. कॉम्प्युटरवर वाढदिवसाचं गाणं मध्येच थांबलेलं होतं. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, आमच्या तिघांचे श्वास सोडले तर. माझा मात्र जरा मोठ्यानं येत होता.

"आसू दे," म्हातारा म्हणाला. "लगेच न्हाई येत ते."

त्यानं हात काढला नाही. मीही काढला नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही, चहा उकळून बायको परत आली एवढा वेळ. रडलो वगैरे नाही. हात तेवढा कळत होता, बोटांच्या टोकापर्यंत. बाकी होतं तसंच.

जाताना त्यानं बायकोला म्हटलं, "सूनबाई, तुमी लई केलं त्यांचं. आमच्यात घेत्यात तुमचं नाव." ती पदरानं कप पुसत होती. त्याच्यामागं ती फाटकापर्यंत गेली आणि खूप वेळ तिथं उभी राहिली. तिथून परत आली ती स्वयंपाकघरात न जाता खोलीत आली.

"हितं बसलं तर चालतं का?" तिनं माझ्या खुर्चीकडं बोट केलं.

"बस की."

ती बसली. चार महिन्यांत त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. "ऐकवा काहीतरी. वाघाचं नको."

माझ्याकडं एका भजनी मंडळाचं काम पडलेलं होतं, अजून हात न लावलेलं. मी त्यातली नुसती पेटी सुरू केली, हळू. ती डोळे मिटून ऐकत होती. मी खाली बसून वायरींची गुंडाळी करत होतो. थोड्या वेळानं काही विचारायला मान वर केली, तर ती झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे.

मी पेटी बंद केली. खुर्ची हलणार नाही असा उठलो, बाहेर येऊन दोरीवरचे कपडे काढले आणि त्यांच्या घड्या घालत ओसरीवर बसलो. चारच्या बसचा हॉर्न वाजला. आत ती झोपूनच होती. मी आमटीला डाळ निवडायला घेतली.